बाथरूमचं छत आणि रिकामा कॅच ब्लॉक

गेल्या शनिवारी आंघोळ उरकून शॉवर बंद केला आणि डोक्यावर टपकन थेंब पडला. वर पाहतो तर पीव्हीसीच्या पांढऱ्याशुभ्र फॉल्स सिलिंगमध्ये दिव्यासाठी पाडलेल्या भोकातून पाणी ठिबकतंय. आणि दिवा चालू! आधी मेन स्विच बंद केला, मग प्लंबरला फोन.

त्याने दोन पट्ट्या उचकटल्या. वर काळपट ओल, सुटलेले पोपडे आणि एका जागी उघडी पडलेली गंजकी सळई. "साहेब, हे जुनं दुखणं आहे," तो म्हणाला. आणि खाली आम्ही 'काय छान बाथरूम आहे' म्हणत राहत होतो!

आमच्या धंद्यात याला रिकामा कॅच ब्लॉक म्हणतात. चूक होते, कोड ती गिळून टाकतो, आणि एक दिवस सगळंच कोसळतं.

आपलं छत म्हणजे वरच्यांच्या बाथरूमची जमीन. बऱ्याच इमारतींत तिथली स्लॅब खोलगट ठेवून त्यात पाइप टाकतात आणि वर कोबा करतात. वॉटरप्रूफिंग गेलं की पाणी तिथे साचतं, मग खाली झिरपतं. जुन्या इमारतीत हे आज ना उद्या होणारच, असंच धरून चालावं.

मग छत कसलं असावं? पीओपी आणि जिप्सम पाण्याने मऊ पडतात, ढलपे खाली येतात. हिरवा जिप्सम बोर्ड दमट हवेसाठी ठीक, गळतीसाठी नाही. पीव्हीसी कुजत नाही, पण तोच त्याचा दोष, कारण पाणी आतल्या आत फिरत राहतं आणि कळतच नाही.

माझं मत विचाराल तर भाड्याच्या घरात फॉल्स सिलिंग नकोच. साधी रंगवलेली स्लॅब बरी, पाइप दिसले तर दिसू देत. झाकायचेच असतील तर न गंजणाऱ्या ग्रिडमध्ये नुसत्या ठेवलेल्या दोन बाय दोन फुटी कॅल्शियम सिलिकेटच्या टाइल्स घ्या. डाग लगेच दिसतो, एक टाइल उचलून वर बघता येतं आणि खराब झालेली तेवढीच बदलता येते.

यात मालकाचाच जास्त फायदा आहे. पाणी सळईपर्यंत गेलं की गंज फुगतो, काँक्रीट फुटतं आणि शेकड्यांतलं काम हजारांत जातं.

हे सगळं मालकांना फोनवर सांगितलं. "पण पीव्हीसी दिसायला चांगलं दिसतं हो!" हे उत्तर. वर, डिपॉझिटमधून किती कापायचे त्याची चाचपणी. नशिबाने राहायला आलो त्या दिवशीचे फोटो आहेत, पण तेही सिलिंगच्या खालचे. वरचं कोण बघतो?

तेव्हा पुढचं घर बघाल तेव्हा ॲग्रीमेंटवर सही करायच्या आधी एक स्टूल मागा, सिलिंग उघडायला लावा आणि वरचाही फोटो काढा. मालक हसले तर हसू देत.