नवी नळी आणि जुनी चंची

हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे आपल्या मुळशी तालुक्यातलीच. तिथे आयटीच्या इमारती उभ्या राहिल्या आणि शहरातले बरेवाईट पिरंगुट-पौडपर्यंत यायला आता वेळ लागत नाही. त्यातलीच एक चीज म्हणजे ई-सिगारेट. दिसायला पेनासारखी, चालते बॅटरीवर. आतला द्रव तापवून वाफ काढते. ना राख, ना धुराचा वास, उलट आंब्या-पुदिन्याचा सुवास! पोराच्या दप्तरात सापडली तरी बापाला कळायचे नाही.

तिच्यावरून जगात मोठा वाद आहे. इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा म्हणते, मोठ्या माणसाला सिगारेट सोडायला हिची मदत होते आणि जळत्या सिगारेटपेक्षा अपाय कमी. मात्र मुलांनी आणि न ओढणाऱ्यांनी तिला हात लावू नये, असेही तीच सेवा बजावते. विकणारे हे दुसरे वाक्य गिळतात. द्रवात बहुधा निकोटीन असतेच आणि व्यसन जडते ते त्याचेच. आपल्याकडे २०१९ साली केंद्राने कायदा करून हिचे उत्पादन, विक्री, जाहिरात सारेच बंद केले. पहिल्याच गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बंदी योग्यच, असे आमचे मत. कारण सिगारेट सोडवण्याचा इंग्लंडचा मुद्दा आपल्या गावाला फारसा लागू पडत नाही. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ होते शंभरात ४ आणि तंबाखू खाणारे-लावणारे २४. आपले दुखणे चंचीत आहे, मिश्रीच्या डबीत आहे. गरोदर बाई मिश्री लावते तेव्हा पोटातल्या बाळाचे वजन घटण्याचा धोका असतो, हे किती घरांत ठाऊक आहे?

पण बंदी आपल्या पायाने चालत नाही. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे. टपरीवर मिळतो की नाही, हे तुम्हीच सांगा.

म्हणून सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक) यांना विचारतो, शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे ३०० फुटांच्या आत तंबाखू विकता येत नाही. टेप घेऊन मोजलेत कधी? शाळेच्या कुंपणापासून मोजा आणि रस्त्यावर पिवळी रेघ मारा. त्या कलमाचा दंड फक्त २०० रुपयांपर्यंत आहे, तो कुणाला बोचत नाही, हे खरे. पण पोराच्या हातात तंबाखू देणाऱ्याला बालन्याय कायद्याखाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. हे टपरीवाल्याला एकदा नीट समजावून सांगा. तो गावचाच, भाऊबंदातला, म्हणून गप्प बसायचे असेल तर ग्रामसभेत तंबाखूमुक्त शाळेचे ठराव करूच नका.

आणि शेतकरी बंधूंनो, बांधावर बसून तंबाखू मळणाऱ्या बापाने पोराला नळी ओढू नको म्हणावे तरी कसे? आधी स्वतःचे तोंड आरशात बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंडात तीन बोटे उभी न जाणे, यातले काहीही असेल तर लावणी उरकायची वाट न बघता दवाखाना गाठा. सोडताना पहिले तीन-चार दिवस जड जातात. चिडचिड होते, झोप उडते. तलफ येते ती काही मिनिटांची असते, तेवढ्यात पाणी प्या, हात कामात गुंतवा. चंची घरी ठेवून नव्हे, टाकून देऊन शेतावर जा. जमत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत, आणि पलीकडचा माणूस सोडण्याची तारीख ठरवून देऊन पुढेही विचारपूस करतो. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, पाणीपट्टीच्या थकबाकीदारांच्या यादीशेजारी लिहून ठेवा. ती यादी सगळेच वाचतात.