शिस्त हवी, कुलूप नको

"लष्करी शिस्त पाहिजे!" हे वाक्य आपल्या कॉलेजात वर्षातून दोनदा हमखास ऐकू येतं. एकदा गॅदरिंगच्या वेळी आणि एकदा सबमिशनच्या तोंडावर, जेव्हा होस्टेलची मुलं "कॉम्प्युटर लॅब रात्री उघडी ठेवा" असा अर्ज घेऊन जातात. अर्जावर "विचार करू" असा शेरा पडतो आणि संध्याकाळी पाचला नेहमीप्रमाणे कुलूप लागतं. कारण एकच दिलं जातं. रात्री शिस्त राहणार नाही.

मित्रहो, लष्कराचं नाव घ्यायचंच असेल तर लष्कराच्या स्वतःच्या कॉलेजांत कॉम्प्युटरचं काय चालतं, ते आधी बघू या की!

फार लांब जायला नको. सकाळी गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलं की दुसऱ्या दिवशी पुणं येतं. पुण्याबाहेर, खडकवासला धरणाजवळ गिरिनगरला 'डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी' आहे. थोडक्यात डायट. (डी.एड.वाल्यांचं डायट वेगळं, आणि मेसच्या जेवणाने आपलं होतं ते डायट आणखी वेगळं.) १९५२ साली पुण्यात शस्त्रास्त्रांच्या अभ्यासासाठी ही संस्था निघाली, १९६७ साली गिरिनगरला गेली, २००० साली अभिमत विद्यापीठ झाली आणि २००६ साली तिला आजचं नाव मिळालं. ती संरक्षण मंत्रालयाच्या संशोधन विभागाखाली चालते. तिथे तिन्ही दलांचे अधिकारी शिकतात, डीआरडीओचे शास्त्रज्ञ शिकतात आणि 'गेट' देऊन गेलेली तुमच्या-माझ्यासारखी साधी पोरंपोरीही शिकतात. सायबर सिक्युरिटीत एम.टेक. करता येतं.

आता एक गंमत बघा. या संस्थेच्या इंटरनेटवरच्या पत्त्याच्या शेवटी काय आहे? 'एसी डॉट इन'. म्हणजे शैक्षणिक संस्थेची खूण, आयआयटीला असते तीच. अमेरिकेच्या नौदलाची अशीच एक पदव्युत्तर संस्था कॅलिफोर्नियात माँटेरे गावी आहे, नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूल. तिच्या पत्त्याच्या शेवटीही लष्कराचं 'मिल' नाही, 'ईडीयू' आहे. गणवेशातली माणसं शिकत असली तरी शिकण्याचं नेटवर्क हे कॉलेजचं नेटवर्क आहे, एवढं या संस्थांनी पत्त्यातच सांगून टाकलंय.

मग गुपितं कशी सांभाळतात? सोपं आहे. ती वेगळी ठेवतात. जगभरच्या सैन्यांचा हा साधा नियम आहे की गोपनीय काम ज्या मशीनवर होतं ते इंटरनेटला जोडायचंच नाही, आणि इंटरनेटच्या मशीनवर गोपनीय काही ठेवायचंच नाही. दोघांमध्ये वायरच नसते. आपल्या भाषेत, देवघर आणि ओसरी वेगळी. ओसरीवर कोणीही यावं, बसावं. देवघराला मात्र सोवळं.

आणि सोवळं मोडलं की काय होतं तेही त्यांनी भोगलंय. २००८ साली मध्यपूर्वेतल्या एका अमेरिकन तळावर एका लॅपटॉपला व्हायरस असलेला पेनड्राइव्ह लागला. तो व्हायरस थेट गोपनीय नेटवर्कपर्यंत पोचला. अख्ख्या सैन्यात पेनड्राइव्हवर बंदी आली, ती २०१० साली सैल झाली. तेव्हा आपल्या लॅबमध्ये "सर, फक्त एक फाइल घ्यायची आहे" म्हणून पेनड्राइव्ह खुपसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पण बंदी पेनड्राइव्हवर आली हेही लक्षात ठेवावं. कॉम्प्युटर बंद करून सैनिकांना "पाचनंतर घरी जा" असं कोणी सांगितलं नाही.

माँटेरेच्या त्याच संस्थेची आणखी एक गोष्ट. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे गॅरी किल्डॉल नावाचे प्राध्यापक होते. इंटेलची पहिली मायक्रोप्रोसेसर चिप त्यांच्या नजरेस पडली. जवळ मशीन नव्हतं, म्हणून संस्थेच्या मोठ्या आयबीएम कॉम्प्युटरवर त्यांनी त्या चिपची नक्कल चालवणारा प्रोग्राम लिहिला. पुढे इंटेलकडून लहान मशीन मिळालं, ते त्यांनी वर्गात मांडलं आणि विद्यार्थ्यांच्या हाती दिलं. १९७४ साली त्यांनी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली. तुमच्या विंडोजमध्ये आजही 'सी ड्राइव्ह' म्हणतात ना, ती अक्षरांची रीत सीपी/एमकडून डॉसकडे आणि डॉसकडून विंडोजकडे आली. लष्करी कॉलेजच्या मोकळ्या कॉम्प्युटरने जगाला केवढं दिलं ते बघा.

शिवाय हॅमिंग! हॅमिंग कोड आपण सगळ्यांनी पाठ केलाय, व्हायवात विसरलोही आहोत. रिचर्ड हॅमिंग १९७६ पासून माँटेरेला शिकवत होते, आणि तिथल्या सुपरकॉम्प्युटरला आज त्यांचंच नाव आहे. पण हा कोड सुचला कसा ते पुस्तकात नसतं. बेल लॅब्जमध्ये त्यांना मशीन मिळायचं ते शनिवार-रविवारी. तेव्हा ऑपरेटर हजर नसत. मशीनला चूक सापडली की ते काम तिथेच टाकून पुढच्या कामाला लागायचं. सोमवारी येऊन बघावं तर हाती काहीच नाही! असं लागोपाठ दोनदा झाल्यावर ते वैतागले. मशीनला चूक कळते, तर ती कुठे आहे हे शोधून दुरुस्त का करता येऊ नये? त्यातून १९५० साली तो कोड प्रसिद्ध झाला. सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटरपाशी माणूस नसण्याची ती अडचण. उत्तर म्हणून त्यांनी मशीनला कुलूप लावलं नाही.

आता आपल्याकडे या. "आजकाल सगळ्यांकडे मोबाइल आहे, लॅब कशाला पाहिजे?" असं काही सर म्हणतात. सर, मोबाइलवर रील दिसतं, ॲन्सिस चालत नाही. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडून आलेल्या कितीतरी मुलांच्या घरी धानाच्या चार बांध्या आहेत. पन्नास हजारांचा लॅपटॉप म्हणजे त्यांच्या घरी चेष्टा आहे का? त्यांच्यासाठी लॅब हाच लॅपटॉप. दिवसभर लेक्चर आणि प्रॅक्टिकल, मोकळा वेळ मिळतो तो पाचनंतर, आणि नेमकं तेव्हाच कुलूप. मग फायनल इयरचा प्रोजेक्ट रूममधल्या लॅपटॉपवाल्याच्या मर्जीवर होतो. तो झोपला की बाकी तिघांचं शिक्षण संपलं. प्लेसमेंटच्या ऑनलाइन टेस्टला हीच मुलं की-बोर्डवर अडखळतात, आणि आपण म्हणतो, "काहून बे, प्रॅक्टिस नाही केली?"

दुसरी बाजूही खोटी नाही. रॅम चोरीला जाते, माऊस गायब होतो, गेम चढवले जातात. लॅब असिस्टंटलाही घरदार आहे, रात्री अकरापर्यंत त्यांनीच का थांबावं? मुलींच्या होस्टेलची वेळ वेगळी. आणि अख्खी बॅच एकच पासवर्ड वापरते, तोही फळ्यावर लिहिलेला! अशाने उद्या कोणी काही भानगड केली तर पकडणार कोणाला?

म्हणून माझी मागणी "लॅब उघडा" एवढीच नाही. लष्कराकडून शिस्त उसनी घ्यायची तर पूर्ण घेऊ. एक, प्रत्येकाला स्वतःचं अकाउंट. माझ्या नावावर जे होईल त्याला मी जबाबदार. दुसऱ्याला पासवर्ड दिला तर महिनाभर प्रवेश बंद. दोन, परीक्षा विभाग आणि ऑफिसची मशीन वेगळ्या नेटवर्कवर, आपल्या लॅबशी संबंध नको. तीन, पेनड्राइव्ह बंद. फाइली सर्व्हरवर ठेवायच्या. चार, रात्री अकरापर्यंत तिसऱ्या वर्षाची दोन मुलं पाळीने ड्यूटीवर, रजिस्टरसह, वर एक सर आळीपाळीने. मुलींसाठी त्यांच्याच होस्टेलमध्ये दहा मशीन. जुन्या लॅबची चालतील.

आधी एकच लॅब, दोन महिने. रजिस्टर ठेवा. किती आले, काय केलं, काय हरवलं, सगळं लिहा. दोन महिन्यांनी ते रजिस्टर प्राचार्यांच्या टेबलावर ठेवू. त्यात चोरी आणि गेमच निघाले, तर कुलूप लावायला मी स्वतः येईन. पण तोवर अर्जावर "विचार करू" ऐवजी एक तारीख लिहा, एवढीच विनंती.