शेतकऱ्यांचा प्राध्यापक

जानेवारी महिना आला कीं रायगडच्या किनाऱ्यावरील आम्हां लोकांना दोन गोष्टी आठवतात. १९८४ सालीं १६ व १७ जानेवारीस उरण तालुक्यांत जासई व नवघर येथें, जमिनीचा रास्त मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पांच जण बळी पडले. पुढें २०२२ सालीं १७ जानेवारीसच कोल्हापुरास प्राध्यापक एन. डी. पाटील आपणांस सोडून गेले. हुतात्म्यांना आपण फुलें वाहतों, तें योग्यच आहे. पण एन. डी. सर हे मास्तर होते. मास्तराची आठवण फुलांनीं भागत नाहीं. त्यानें दिलेला धडा आपणांस येतो कीं नाहीं, हें पाहावें लागतें. आम्हीहि गांवच्या शाळेंत खडू धरणारे, म्हणून एवढें सांगण्याचा आमचा हक्क आहे.

नारायण ज्ञानदेव पाटील यांचा जन्म १९२९ सालीं सांगली जिल्ह्यांतील ढवळी गांवीं शेतकऱ्याच्या घरीं झाला. ते अर्थशास्त्रांत एम. ए. झाले. एवढ्या शिक्षणावर बड्या पगाराची खुर्ची मिळाली असती. ती न धरतां ते कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेंत, साताऱ्याच्या छत्रपति शिवाजी कॉलेजांत, प्राध्यापक झाले आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेचे रेक्टर म्हणून राबले. या योजनेंत गरिबाचा मुलगा अंगमेहनत करून आपलें शिक्षण पुरें करी. शिकलेल्याचे हात मळूं नयेत ही खुळी समजूत तेथें मोडली जाई. पुढें ते शेतकरी कामगार पक्षाचे सरचिटणीस झाले, १९७८ ते १९८० सहकारमंत्री झाले, रयत संस्थेचे चेअरमनहि झाले. पण खेड्यापाड्यांतल्या लोकांनीं त्यांना शेवटपर्यंत ‘सर’ म्हणूनच ओळखलें.

आमच्या खारेपाटाला त्यांची खरी ओळख पटली ती २००६ नंतर. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील ४५ गांवांची सुमारें १०,००० हेक्टर जमीन घ्यावयाची, असा बेत निघाला. कायदा कोणता? तर १८९४ चा, इंग्रजांनीं केलेला! सरांचें वय तेव्हां सत्त्याहत्तर. जमीन त्यांची नव्हे, जिल्हा त्यांचा नव्हे. तरी घाटावरचा हा म्हातारा माणूस खालीं उतरला आणि आमच्या लढ्याच्या अग्रभागीं उभा राहिला. उल्काताई महाजन यांच्यासारखे कार्यकर्ते गांव जागे करीत होते, त्यांच्या पाठीशीं सरांचें वजन पडलें. पेण तालुक्यांतील २२ गांव हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रांत येतात. ज्या जमिनीला पाणी पाजण्यासाठीं धरण बांधलें, तीच जमीन काढून घेणें हा कोणता हिशेब, असा शेतकऱ्यांचा रोकडा सवाल होता. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजीं सरकारला त्या गांवांत जाऊन शेतकऱ्यांचें मत घ्यावें लागलें. फार मोठ्या बहुमतानें लोकांनीं ‘नाहीं’ असें लिहून दिलें. कायद्याप्रमाणें दोन वर्षांत निवाडा व्हावयास हवा होता, तो झाला नाहीं, आणि २००९ च्या जूनमध्यें तें संपादन आपोआप रद्द झालें. चरीच्या शेतकऱ्यांनीं नारायण नागू पाटलांच्या मागें १९३३ ते १९३९ अशीं सहा वर्षें संप करून खोतीला हादरा दिला होता. त्यांच्या नातवंडांनीं आजोबांचें नांव राखलें.

आतां धडा कोणता तें पाहूं. एकरीं भाव किती, एवढाच हिशेब हा अर्धा हिशेब होय. खारेपाटाच्या शेतांत भात आहे, पेंढा आहे, भातामागून वाल आहे, तळ्यांत जिताडा आहे, बांधापलीकडे खाडींत कोळ्याची मासळी आहे. या सर्वांवर मालकाखेरीज किती चुली पेटतात! मोबदला मिळतो तो सात-बाऱ्यावर नांव असेल त्यास. शेतकऱ्याचें अवजार करणारा सुतार-लोहार, लावणीला जाणारी मजुरीण, खाडींत पाग टाकणारा कोळी यांचें नांव कोणत्या उताऱ्यावर आहे? शेत गेलें कीं यांचा धंदा फुकटांत जातो. म्हणून जमीन हा एका घराचा सौदा नव्हे, तो साऱ्या गांवाचा संसार आहे.

मग आज आपण काय करीत आहों? अटल सेतु २०२४ च्या जानेवारींत खुला झाला. त्याच वर्षीं उरण, पनवेल, पेणमधील १२४ गांवांसाठीं नवनगराची अधिसूचना निघाली. दलाल दारोदार फिरत आहेत. जी जमीन एकजुटीनें राखली, ती आम्ही एकएकटे, गुंठा-गुंठा करून, विकीत आहों. पैसा चार भावांत वांटला जातो, एक घर होतें, एक लग्न होतें, एक गाडी येते. मग त्याच गाडीवर मुलगा दुसऱ्याचा ड्रायव्हर होतो. आमच्या वर्गांत बसलेलीं मुलें या वाटेनें गेलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत.

दोष परक्याचाच नाहीं. पूर्वी आमचे वाडवडील जोळ करून, घरटी माणूस देऊन, समुद्राचा बांध राखीत. बांधाला खांड पडली तर सारा गांव चिखलांत उतरे. पुढें खारजमिनीचा कायदा झाला, बांध सरकारचा झाला, आणि आमचे हात खिशांत गेले. आज उघाडी मोडते, उधाणाचें खारें पाणी शेतांत शिरतें, जमीन पडीक होते, आणि तिला कवडीमोल ठरवून घेणारा तयारच असतो! सरकारकडून बांध बांधून घ्यावा, त्यासाठीं भांडावें. पण भांडणारा गांव आधीं एक असावा लागतो.

म्हणून बंधुभगिनींनो, यंदा सरांच्या तसबिरीला हार घालण्यापूर्वीं तीन गोष्टी करा. गांवाच्या बांधाची व उघाडीची पाहणी करून ती ग्रामसभेंत लिहून घ्या. जमीन विकण्यापूर्वीं घरांतील बायकांसह बसून दहा वर्षांचा जमाखर्च कागदावर मांडा. आणि विकावयाची पाळी आलीच, तर एकट्यानें दलालाच्या गाडींत बसूं नका. सारे मिळून बोला. हिशेब येत नसेल तर गांवच्या शाळेंत या. संध्याकाळीं कंदील काय, विजेचा दिवा काय, आम्ही लावून बसूं.