वृद्धाश्रमाची तपासणी कोण करते?

रुग्णालयाला नोंदणी लागते, खानावळीला परवाना लागतो. मग ज्या घरी आपण आईवडिलांना वर्षानुवर्षे ठेवणार, त्या वृद्धाश्रमाची तपासणी कोण करते? हा प्रश्न मुलांकडून क्वचितच येतो. मंगळवेढ्यासारख्या गावात मुले पुण्यामुंबईला आणि आईवडील गावी, हे आता नित्याचेच झाले आहे. आश्रमाची निवड बहुधा छायाचित्रे पाहून दूरध्वनीवरच होते.

शासकीय अनुदान घेणाऱ्या वृद्धाश्रमांवर सामाजिक न्याय विभागाची देखरेख असते. जिल्ह्यात हे काम समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे असते. खासगी, शुल्क घेणाऱ्या आश्रमांची गोष्ट वेगळी. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान दीडशे जणांचा वृद्धाश्रम अपेक्षिला. खासगी आश्रमांची नोंदणी मात्र सक्तीची केली नाही. ती सक्ती आणि किमान मानके आणणारे दुरुस्ती विधेयक २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडले गेले, पण २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच ते बारगळले. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन ही संस्था अशा घरांची तपासणी करते, अहवाल सर्वांसाठी प्रसिद्ध करते, आणि मिळालेली श्रेणी घराच्या दर्शनी भागी लावावीच लागते. आपल्याकडे ते काम बव्हंशी कुटुंबालाच करावे लागते.

कार्यालयात चौकटीत लावलेले धर्मादाय आयुक्तांचे प्रमाणपत्र पाहून पुष्कळजण निश्चिंत होतात. ते न्यासाच्या नोंदणीचे असते. अंथरुणावरच्या माणसाची कूस कोण बदलतो, हे त्यातून कळत नाही. ‘अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा, चोवीस तास परिचारिका’ अशी जाहिरात असेल तर आणखी एक विचारा. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाच्या व्याख्येत आजारी वा दुर्बल व्यक्तींना ठेवून उपचार व शुश्रूषा देणारी जागा येते. त्या कायद्याखालील नोंदणी आहे काय?

आता प्रत्यक्ष पाहणी. न कळवता जा, आणि शक्यतो रात्रीच्या जेवणाच्या वेळी. दिवसा अंगण झाडलेले असते. रात्री किती माणसे कामावर आहेत ते दिसते. दात नसलेल्यांना भाकरी कुस्करून, दुधात वा आमटीत भिजवून दिली जाते, की ताट तसेच परत जाते? एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडचा पारा चाळिशीपार जातो. तेव्हा उशाशी पाण्याचे भांडे हाताच्या अंतरावर आहे का, आणि ज्याला ते उचलता येत नाही त्याला पाणी कोण पाजते, हे अवश्य पाहा. मग स्वच्छतागृहात जा. धरायला दांडी हवी, जमीन निसरडी नको, रात्री दिवा हवा. बाहेर पडण्याचे दार रात्री कुलूपबंद असेल तर किल्ली कोणाकडे असते, हेही विचारा. आग लागल्यावर ती शोधत बसता येणार नाही.

डॉक्टर म्हणून मी दोन वह्या मागतो. पहिली औषधांची: कोणती गोळी, किती वाजता, कोणी दिली, याची सही. महिनाभराच्या सह्या एकाच शाईने एका बैठकीत केलेल्या वाटल्या तर सावध व्हा. दुसरी वजनाची. साठ किलो वजनाच्या व्यक्तीचे महिन्यात तीन किलो वजन घटले, तर त्याचे कारण शोधायलाच हवे. शिवाय आपल्या माणसाची माकडहाडाची जागा आणि टाचा स्वतः उघडून पाहा. दाबल्यावरही न जाणारी लाली म्हणजे शय्याव्रणाची पहिली पायरी. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे हाताला लागणारा कढतपणा वा कडकपणा पाहावा. अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. आणि सगळेच रहिवासी दुपारी चार वाजता गाढ झोपलेले असतील, तर झोपेच्या गोळ्या कोणाच्या चिठ्ठीने चालू आहेत, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. अति शांत आश्रम मला तरी नेहमीच खटकतो.

तक्रारीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन निःशुल्क आहे. मारहाण वा कोंडून ठेवण्याचा संशय असेल तर ११२ वर पोलिसांना कळवावे. लेखी अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. मात्र तक्रार केल्यावर आपले माणूस त्याच खाटेवर राहणार असते. म्हणून अर्ज देण्यापूर्वी त्याला आठ-पंधरा दिवस घरी वा अन्यत्र हलवता येईल का, याची सोय आधी पाहावी.