भीड भिकेची बहीण : ‘नुसती सही’ करणाऱ्यांनो, जागे व्हा!



घरातली लक्तरे वेशीवर टांगू नयेत, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. त्यामुळेच हा लेख मी दोन वर्षे लिहिला नाही. पण गेल्या गणेशोत्सवात आरती झाल्यावर ओळखीच्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले, “पुतण्याच्या कर्जाला जामीन राहायचे आहे. नुसती सही आहे म्हणतो. काही धोका नाही ना?” तेव्हा मला राहवले नाही. ‘नुसती सही’ या दोन शब्दांनी माझे घर दहा वर्षे मागे गेले, आणि तेच दोन शब्द आता दुसऱ्याच्या दारात उभे होते. म्हणून आज स्पष्ट लिहितो. कुणाला राग आला तर येऊ द्या.

आधी माझी हकीकत. मिसरोद हे होशंगाबाद रोडवरचे एक गाव होते, तेव्हा आम्ही इथे प्लॉट घेतला. पुढे शहर आमच्यापर्यंत चालत आले. २०१३ साली, म्हणजे मिसरोद ते बैरागढ बीआरटीएस सुरू झाला त्याच वर्षी, माझा मावसभाऊ घरी आला. मंडीदीपच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे त्याचे छोटे वर्कशॉप होते, ते त्याला वाढवायचे होते. आठ लाखांचे कर्ज मंजूर होत होते, फक्त एक जामीनदार कमी पडत होता. “दादा, तुमची नुसती सही हवी. हप्ते मी भरणार, तुम्हाला एक पैशाची तोशीस लागणार नाही.” बरोबर मावशी आली होती. कॉलेजात असताना दोन वर्षे मी तिच्या हातचे जेवलो होतो. ती काहीच बोलली नाही, आणि तेवढेच पुरे झाले. चहा संपायच्या आत मी हो म्हणून बसलो. बायको आत स्वयंपाकघरात होती. तिला मी विचारलेसुद्धा नाही.

चार वर्षे हप्ते गेले, मग थांबले. ते थांबल्याचे मला कळले २०१९ साली, वकिलाची नोटीस हातात पडली तेव्हा. मधल्या दोन वर्षांत बँकेने मला एक पत्र पाठवले नाही आणि भावाने एक फोन केला नाही. दिवाळीच्या फराळाचा डबा मात्र दोन्ही वर्षी आला. नोटिशीत व्याजासकट पाच लाख चाळीस हजारांची मागणी होती. त्याच शाखेत बायकोच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेली आमची मुदत ठेव होती. बँकेने ती अडकवून ठेवली. सगळी रक्कम फेडायला २०२१ उजाडले. दरम्यान मुलीच्या घरकर्जाला मी सहअर्जदार झालो, तर तो अर्ज परत आला, कारण भावाचे थकलेले कर्ज माझ्या सिबिल अहवालात माझ्या नावापुढे दिसत होते. मावशी गेली तेव्हा मी दहाव्याला गेलो. भावाने माझ्याकडे पाहिलेदेखील नाही. पैसे मी भरले आणि तोंड त्याने फिरवले. गाढवही गेले आणि ब्रह्मचर्यही गेले, ते असे.

आता कुणी म्हणेल, तुमचे नशीब वाईट. नाही! यात नशिबाचा काही भाग नाही. जे झाले ते कायद्याप्रमाणेच झाले, आणि तो कायदा सही करताना मला ठाऊक नव्हता, हा माझा गुन्हा.

कायदा काय म्हणतो?

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचे कलम १२८ सांगते की करारात वेगळे काही लिहिले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. अर्धी नाही, दुय्यम नाही, इतकीच. आपल्यातल्या दहापैकी नऊ जणांची समजूत अशी की बँक आधी कर्जदाराला धरेल, त्याची मालमत्ता विकेल, आणि काही उरलेच तर आपल्याकडे येईल. ही समजूत सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच निकालात काढली आहे. बँक ऑफ बिहार विरुद्ध डॉ. दामोदर प्रसाद या खटल्यात खालच्या कोर्टाने बँकेला सांगितले होते की आधी कर्जदाराकडून वसुलीचे सगळे मार्ग संपवा, मग जामीनदाराकडे जा. सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. जामीनदाराला थांबायला लावायचे असेल तर मग जामिनाचा उपयोग काय, असा त्याचा रोख होता. म्हणजे मंडीदीपच्या वर्कशॉपमधली यंत्रे शोधत फिरण्यापेक्षा मिसरोदच्या पेन्शनराची ठेव अडवणे बँकेला सोपे असेल, तर ती तेच करणार.

आणखी एक. जामीनदार वारला तरी झालेल्या कर्जाची जबाबदारी संपत नाही. त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेवर ती राहते. म्हणजे तुमची सही तुमच्या बायकोला आणि मुलांनाही पुरून उरते, आणि ज्यांना पुरून उरते त्यांना तुम्ही विचारलेले नसते!

आपल्या जुन्या दप्तरांत हाजिरजामीन आणि मालजामीन असे दोन वेगळे शब्द होते. एक माणूस हजर करण्याची हमी घेई, दुसरा पैशाची. कोण कशात अडकतो आहे हे शब्दातच कळत असे. आज भोपाळात आपण कधी ‘गारंटर’ म्हणतो, कधी ‘जमानतदार’, आणि समजतो की आपण फक्त चांगल्या चालीचा दाखला दिला. बँकेचा फॉर्म मात्र मालजामिनाचा असतो.

‘पूर्वी लोक राहत नव्हते का जामीन?’

हा प्रश्न मला ज्येष्ठांकडून हमखास येतो, आणि तो रास्त आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी झाली. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून आपली कुटुंबे इथे आली. नंतर भेलच्या नोकऱ्यांनी आणखी आली. परक्या गावात कुणी कुणाचे नव्हते. कचेरीतल्या पतसंस्थेतून बहिणीच्या लग्नाला किंवा घराच्या छपराला कर्ज काढायचे, तर शेजारच्या टेबलावरचा माणूसच जामीन राही. त्या सह्यांवर आपली घरे उभी राहिली, हे मी नाकारत नाही आणि विसरतही नाही.

पण तेव्हाचा व्यवहार नीट आठवून पाहा. कर्ज पगाराच्या बेताचे असे. हप्ता पगारातूनच कापला जाई. कर्ज घेणारा रोज डोळ्यांसमोर असे आणि आज तुम्ही मला जामीन, तर उद्या मी तुम्हाला, अशी परतफेडही असे. आज कर्ज लाखांत, धंदा दुसऱ्या शहरात, हप्ता गेला की नाही ते कळायला मार्ग नाही, आणि जामीन राहणारा बहुधा निवृत्त, म्हणजे पुन्हा कमावण्याची संधी नसलेला. नाव तेच राहिले, व्यवहार सगळा बदलला. जुन्या माणुसकीच्या नावाखाली आज जे मागितले जाते, ती माणुसकी नाही, ते तुमच्या म्हातारपणाचे तारण आहे.

लाज कुणी बाळगायची?

माझी खरी तक्रार बँकेवर नाही आणि भावावरही तेवढी नाही. ती आपल्या समाजावर आहे.

जो जामीन राहायला नकार देतो, त्याला आपण काय म्हणतो? माणूसघाणा. पैशाला चिकटलेला. चार घरांत त्याची चर्चा होते, हळदीकुंकवाला त्याच्या बायकोला टोमणे ऐकावे लागतात. आणि जो दुसऱ्याच्या सहीवर कर्ज घेऊन हप्ते थांबवतो, त्याला? “बिचारा, वाईट वेळ आली हो त्याच्यावर.” माझ्याच घरी येऊन एका बाईंनी मला समजावले, “तुम्हाला पेन्शन आहे, तुम्ही निभावून न्याल.” माझी पेन्शन म्हणजे समाजाचा राखीव निधी आहे काय? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते यालाच!

वाईट वेळ कुणावरही येते, ते मी समजू शकतो. २०२० च्या टाळेबंदीत चांगले चाललेले धंदे बसले. पण वाईट वेळ आली की पहिला फोन जामीनदाराला करणे, “दादा, या महिन्याचा हप्ता जमत नाही” एवढे सांगणे, याला पैसे लागत नाहीत. तो फोन जो करत नाही, त्याच्या बाजूने आपण बोलता कामा नये. लाज त्याने बाळगायची आहे. नाही म्हणणाऱ्याने नव्हे, आणि फेडणाऱ्याने तर नव्हेच.

भीड भिकेची बहीण, असे आपल्या पूर्वजांनी उगाच म्हटलेले नाही. माझ्या बाबतीत ती भीड मावशीचा चेहरा घेऊन आली होती.

आता काय करायचे?

पहिले, कुणी सही मागायला आला की विचारा : जामीनदार लागतोच कशाला? सूक्ष्म व लघु उद्योगांना तारण आणि तिसऱ्याचा जामीन न घेता कर्ज मिळावे म्हणून सीजीटीएमएसई नावाचा पतहमी निधी २००० सालापासून आहे. माझ्या भावाचे वर्कशॉप त्याच जातीचे होते. मला तेव्हा माहिती असती तर आमच्या दोन घरांतला जाण्यायेण्याचा रस्ता आज उघडा असता. निवडक शिक्षणसंस्थांत प्रवेश मिळालेल्या मुलांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे, तिच्यात तारणही नाही आणि जामीनही नाही. हे मार्ग चाचपल्याशिवाय नात्याकडे येऊ नये.

दुसरे, मदत करायचीच असेल तर बुडाली तरी चालेल एवढी रक्कम हातावर ठेवा आणि विसरा. वीस हजार देऊन संबंध टिकतात, आठ लाखांची सही करून टिकत नाहीत. सही करायचीच ठरली, तर बायकोला समोर बसवून ठरवा, रकमेची मर्यादा कागदावर लिहून घ्या, कागदाची प्रत घ्या, आणि हप्ते जात आहेत की नाही हे दर तीन महिन्यांनी पाहा. यात अविश्वास नाही. पैसे तुमचेही आहेत.

तिसरे, जे आधीच अडकले आहेत त्यांनी रडत बसू नये. तुमच्या संमतीवाचून बँकेने कर्जाच्या अटी बदलल्या असतील, तर कलम १३३ वाचा. अनेक जामीनदार असतील तर कलम १४६ प्रमाणे भार सारखा वाटला जातो. पैसे भरल्यावर बँकेचे हक्क तुमच्याकडे येतात, तिच्याकडचे तारणही मागता येते, आणि कर्जदाराकडून वसुलीचा दावा करता येतो. त्याची मुदत तीन वर्षांची. मी ती मुदत भिडेपोटी घालवली. तुम्ही घालवू नका.

चौथे, आणि हे राजकीय आहे. २००६ साली रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने बँकिंग संहिता व मानके मंडळ स्थापन झाले होते. त्याच्या संहितेत बँकांनी कबूल केले होते की जामीनदाराला त्याची जबाबदारी किती, मर्यादित की अमर्यादित, हे सांगू, आणि कर्जदाराची आर्थिक स्थिती लक्षणीय बिघडली तर कळवू. ती संहिता ऐच्छिक होती आणि ते मंडळही आता राहिलेले नाही. आपली मागणी सरळ आहे : पहिला हप्ता चुकताच जामीनदाराला लेखी कळवणे बंधनकारक करा. मला २०१७ साली ते पत्र मिळाले असते, तर थकबाकी हजारांत होती.

कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहणाऱ्या उद्योगपतींसाठी १ डिसेंबर २०१९ पासून नव्या दिवाळखोरी संहितेची तरतूद लागू झाली. ती त्यांच्यावरची तलवार आहे हे खरे, पण तिच्यात परतफेडीची योजना मांडण्याची सोयही आहे. भावाच्या कर्जाला जामीन राहिलेल्या मिसरोदच्या माणसाला मात्र १९२० सालचा, इंग्रजांच्या काळचा नादारी कायदा! अगदी लहान कर्जदारांसाठी त्याच संहितेत नव्या सुरुवातीचे एक प्रकरण २०१६ पासून आहे, तेही कागदावरच. मराठी मते मागायला जे उमेदवार आपल्या कोजागिरीला आणि गणेशोत्सवाला येतात, शालश्रीफळ घेतात आणि शिवरायांचे नाव घेऊन जातात, त्यांना पुढच्या वेळी हे दोन प्रश्न लेखी द्या.

आणि मंडळाने महिन्यातला एक रविवार ठरवावा. आपल्यात निवृत्त बँक अधिकारी आहेत, वकील आहेत. सही करण्यापूर्वी कागद दाखवायला माणसाला एक जागा असावी, म्हणजे त्याला “मंडळात दाखवून सांगतो” असे म्हणता येईल. भिडस्त माणसाला नकाराची एवढी सोय पुरते.

आरतीनंतर भेटलेल्या त्या गृहस्थांना मी हे सगळे सांगितले. त्यांनी पुतण्याला नाही म्हटले. पुतण्या रागावला आहे, वहिनी बोलत नाहीत. पण तो राग चार सणांत निवळेल. माझ्या भावाचा अजून निवळलेला नाही.

मिसरोद, भोपाळ
— एक माजी जामीनदार