आधी 'रिंगाण', मग 'प्रतिभासाधन'

पालघर-बोईसरकडची लिहू पाहणारी तरुण मंडळी भेटली की एक प्रश्न हमखास येतो: कादंबरी लिहायची तर आधी काय वाचू, चांगल्या कादंबऱ्या की लेखनाचं तंत्र सांगणारी पुस्तकं? हल्ली दोन्ही प्रकारची पुस्तकं शेजारी ठेवून वाचली, म्हणून या प्रश्नाचा नीट विचार करावासा वाटतो.

आधी कादंबऱ्या. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'ला 1992 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला 2023 मध्ये. दोन्हींत धरणाने उठवलेली माणसं आहेत. पाटील अख्खं गाव, कचेऱ्या, मोबदला, पुनर्वसन असा मोठा पट मांडतात. खोत एका माणसाला जुन्या गावात मागे राहिलेली म्हैस आणायला पाठवतात आणि तेवढ्यावर सगळी उभारणी करतात. तारापूर अणुऊर्जा केंद्राचे तिसरे आणि चौथे युनिट 2005-06 मध्ये सुरू झाले, त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. तिथल्या वाचकाला 'झाडाझडती'तले कागद आणि खेटे ओळखीचे वाटतील. 'रिंगाण' त्याला वेगळंच विचारील: तुझं तिकडे मागे काय राहिलं? किनाऱ्यावरचं गाव गेलं की होडी लावायची जागा जाते, जाळी सुकवायची जागा जाते, त्यांची नोंद मोबदल्याच्या फाईलीत कुठल्या रकान्यात करायची? मला 'रिंगाण' जास्त खोल वाटते. 'झाडाझडती' मध्येमध्ये अहवालासारखी होते. मात्र गावावर काय गुदरलं ते एकही बाजू न सोडता सांगायचं, तर तिच्याएवढा ऐवज 'रिंगाण'मध्ये नाही, हेही मान्य करायला हवं. शिवाय पन्हाळ्याकडची बोली आपल्याकडच्या वाचकाला पहिली काही पानं दमवते.

आता तंत्राची पुस्तकं. ना. सी. फडके यांचं 'प्रतिभासाधन' 1931 चं. कथानक कसं गुंफावं, उत्कंठा कशी वाढवत न्यावी, पात्रं कशी उभी करावीत, याचा इतका पद्धतशीर विचार मराठीत त्याआधी फारसा झालेला नव्हता. त्याची आज जी हेटाळणी होते ती मला अन्याय्य वाटते. पुण्या-मुंबईत नवख्याला संपादक भेटतो, जाणता मित्र भेटतो, कच्चा खर्डा वाचून दाखवायला चार माणसं मिळतात. एमआयडीसीत शिफ्ट करून रात्री वहीत लिहिणाऱ्या मुलाला हे कुठून मिळणार? त्याच्यासाठी असं पुस्तक म्हणजे घरी आलेला शिक्षकच. स्टीफन किंगचं लेखनावरचं पुस्तक 2000 सालचं. लेखक होण्याआधी त्याने कपडे धुण्याच्या कारखान्यात काम केलं होतं, त्यामुळे त्याच्या सांगण्यात वेळ चोरून लिहिणाऱ्याबद्दल खरी कळकळ आहे. दुसऱ्या खर्ड्यात मजकूर दहा टक्के कमी करा, हा त्याचा सल्ला आपल्या निम्म्या नव्या कादंबऱ्यांनी ऐकला असता तर त्या तरल्या असत्या.

गंमत अशी की हे दोघे गुरू एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. फडक्यांचा भर आखलेल्या कथानकावर, तर किंगला आधी रचलेल्या कथानकाचा भरवसा वाटत नाही. तो म्हणतो, माणसांना एका पेचात टाका आणि ती काय करतात ते पाहा. 'रिंगाण' किंगच्या बाजूची म्हणता येईल. 'झाडाझडती' दोघांच्याही चौकटीत मावत नाही, कारण तिथे पेच एका माणसाचा नसून गावाचा आहे.

चिंचणी-तारापूर पट्ट्यात दागिन्यांच्या डाय कोरणारे कारागीर आहेत. पोलादात नक्षी उलटी कोरायची, मग तीवर ठोकून सोन्याचा पत्रा उठवायचा. कोरण्याचा हात शिकता येतो, शिकायलाच हवा. पण एका डायमधून निघणारा प्रत्येक नग सारखाच असतो, आणि तंत्राची पुस्तकं वाचून लिहिलेल्या कादंबऱ्यांचं नेमकं हेच होताना दिसतं. पन्नासाव्या पानावर पेच, शंभराव्यावर धक्का, सगळ्यांच्या तोंडी एकच वृत्तपत्री मराठी. वाडवळी, मांगेली, वारली बोलणारी माणसं त्या मराठीत शिरली की परकी होतात.

या जिल्ह्याबद्दलची सर्वांत ताकदीची दोन पुस्तकं कोणती असं विचाराल, तर मी गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'चं आणि कविता महाजनांच्या 'ब्र'चं नाव घेईन. पहिलं 1970 चं, वारल्यांच्या लढ्याचं, आणि ती कादंबरी नव्हे. 'ब्र' 2005 ची, ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या आदिवासी बायकांना खुर्चीत बसूनही बोलू दिलं जात नाही, याची. पण दोघीही आपल्या समजेची सारी शक्ती पणाला लावून बाहेरून आत आलेल्या. आतून बाहेर पाहणारी, कंपनीच्या सायरनवर दिवस मोजणाऱ्या आणि खाडीत मासळी मिळेनाशी झालेल्या घरातली कादंबरी मला वाचायची आहे.

म्हणून विचारणाऱ्याला माझा कौल असा: आधी 'रिंगाण' आणि 'झाडाझडती' लागोपाठ वाच. मग स्वतःचा पहिला खर्डा कुणाचंही न ऐकता, घरात बोलतोस त्या भाषेत पुरा कर. तो हातात आला की फडके उघड, किंग उघड, आणि लाल पेन घेऊन बस. घाई असेल, तर कथानकाची प्रकरणं सोडून काटछाटीची तेवढी वाच.