घरच्या घरी : व्ही.पी.एन. जोडतं, पण पुढे जात नाही

सोलापूरहून एका भगिनीचं पत्र आलंय. यजमानांची बदली नागपूरला झालेली. तिथं बसून घरच्या डिस्कवरचे कागद पाहता यावेत म्हणून त्यांनी जाण्यापूर्वी घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर वायरगार्डचा व्ही.पी.एन. सर्व्हर बसवला. सासऱ्यांच्या हृदयविकाराचे सगळे रिपोर्ट त्या डिस्कवर आहेत. मध्यंतरी यजमान घरी आले, कॉम्प्युटर डेबियन १२ वरून १३ वर नेला आणि परत गेले. तेव्हापासून नागपुरात व्ही.पी.एन. चालू दिसतं, पण डिस्क उघडत नाही. पुढच्या आठवड्यात सासऱ्यांना नागपूरच्या डॉक्टरांना दाखवायचंय. ‘मला यातलं ओ की ठो कळत नाही,’ असं त्या लिहितात.

बाई, आधी ते रिपोर्ट पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि सासऱ्यांच्या पिशवीत ठेवा. डॉक्टरांची तारीख सर्व्हरसाठी थांबत नाही.

आता दुरुस्ती. कुकरची शिट्टी होईना, तर आपण लगेच नवा कुकर आणत नाही. आधी रिंग बघतो, मग व्हॉल्व्ह. इथंही वाफ कुठून जाते तेवढंच शोधायचं. ‘सगळं पुसून नव्यानं घालू’ म्हणणाऱ्या दुरुस्तीवाल्याला तूर्त उंबऱ्याबाहेरच ठेवा.

एक गोष्ट लक्षात घ्या. वायरगार्ड ‘चालू’ दाखवतं म्हणजे पलीकडे कुणी भेटलंच असं नाही. समोरचा कॉम्प्युटर बंद असला तरी फोनवरचं बटण चालूच दिसतं. म्हणून यजमानांना नागपुरात जोडणी करून डिस्क उघडायचा प्रयत्न करायला सांगा. त्याच वेळी तुम्ही घरच्या कॉम्प्युटरवर टर्मिनल उघडून ‘सुडो डब्ल्यूजी शो’ ही आज्ञा द्या. त्यात शेवटचा ‘हँडशेक’ किती वेळापूर्वी झाला ते येतं. काही सेकंदांपूर्वीचा असेल, तर राउटर, पत्ता आणि किल्ल्या सगळं ठीक आहे. त्याला हात लावू नका.

मग बिघाड कुठे? पाहुणा दिवाणखान्यात आलाय, पण स्वयंपाकघराचं दार लावलेलं आहे. बाहेरून आलेली माहिती घरातल्या दुसऱ्या यंत्राकडे पुढे पाठवण्याची परवानगी त्या कॉम्प्युटरला द्यावी लागते. बहुतेक जण ती परवानगी ‘इटीसी’ फोल्डरातल्या ‘सिसीटीएल डॉट कॉन्फ’ या फाईलमध्ये लिहीत आले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये मात्र यंत्र सुरू होताना ती फाईल वाचलीच जात नाही! यजमानांनी काही चुकीचं केलं नाही. जागा बदलली, एवढंच. डिस्क वेगळी असल्यानं हे तुम्हाला जाणवलं. ती त्याच कॉम्प्युटरला जोडलेली असती तर बहुधा पत्ताही लागला नसता.

उपाय सोपा. ‘इटीसी’मध्येच ‘सिसीटीएल डॉट डी’ नावाचा फोल्डर आहे. त्यात ‘डॉट कॉन्फ’नं संपणाऱ्या नावाची नवी फाईल करायची आणि एकच ओळ लिहायची : ‘नेट डॉट आयपीव्ही४ डॉट आयपी अंडरस्कोर फॉरवर्ड बरोबर १’. अर्थात सगळं छोट्या इंग्रजी अक्षरांत. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा. अक्षरं यजमानांकडून फोनवर एकेक करून लिहून घ्या, घाई नको.

एवढ्यानं झालं नाही, तर नेटवर्क कार्डाचं नाव बघा. अपग्रेडनंतर काही यंत्रांत ते बदलतं. ‘आयपी ए’ आज्ञेनं आजचं नाव दिसेल. वायरगार्डच्या फाईलमध्ये ‘पोस्टअप’च्या ओळीत जुनंच नाव राहिलं असेल, तर नियम नसलेल्या दाराला लागतो. ‘पोस्टडाउन’मध्येही बदल करायला विसरू नका.

आणि हँडशेकच दिसत नसेल, तर गोष्ट वेगळी. राउटरनं घरातल्या कॉम्प्युटरला नवा पत्ता दिला असेल आणि ५१८२० नंबरच्या पोर्टवरचं येणं-जाणं जुन्या पत्त्यावरच जात असेल. (यजमानांनी दुसरा नंबर घेतला असेल तर तो बघा.) राउटरमध्ये तो पत्ता कायमचा बांधून टाका.

तपासणी घरच्या वायफायवर करू नका, बरं का. फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर करा. नाहीतर घरातल्या घरातच फिरून आल्यासारखं होतं.

शेजारचे कुणी सुचवतील, ‘व्ही.पी.एन. कशाला, डिस्कच राउटरवर उघडी करा.’ मुळीच नको. घरचे कागद रस्त्यावर मांडल्यासारखं आहे ते. तसंच वायरगार्डच्या फाईलचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवू नका, यजमानांनासुद्धा. तीत खासगी किल्ली असते. त्यांना विचारायचंच असेल, तर ‘पोस्टअप’ची ओळ तेवढी वाचून दाखवा.